निघोजे ते फ्रँकफर्ट, व्हाया चऱ्होली

"आई, फक्त साडेसहा हजार किलोमीटर. मुंबईत विमानात बसलीस की नऊ तासांत फ्रँकफर्ट," मुलगा फोनवर म्हणाला. मोठा इंजिनिअर आहे. निघोज्यातून नुसतं चाकणच्या रस्त्याला लागायला किती वेळ जातो, ते विसरलाय.

जायचं होतं नातवाच्या बारशाला. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या लेकीचा. तिला व्हिसा मिळाला नाही, म्हणून तिच्या वतीनं मी. बाराव्या दिवशी बारसं, अकराव्या दिवशी विमान, आणि तिकीट काढणाऱ्या शहाण्यानं दिवस गाठला अमावस्येचा. मग रीतीप्रमाणं दोन दिवस आधी प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगला दिवस बघून आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. निघताना ते उचलायचं. लोक जुनं लुगडं बांधून ठेवतात. मी म्हटलं, देवाला कशाला फसवायचं? गाठोड्यात पासपोर्टच घातला आणि चऱ्होलीच्या जाऊबाईंकडं ठेवला.

सकाळी सहाला निघालो. गाडी जावयाची. जायचं चऱ्होलीवरून ठरलेलं; पण मोबाइलमधल्या बाईनं तळेगावचा रस्ता वीस मिनिटांनी जवळचा सांगितला. जावई बायकोचं ऐकत नाहीत, त्या बाईचं ऐकतात. तळेगावला वडापाव बरा मिळतो, चहा नुसता गरम. तिथं जावई म्हणाले, "आई, पासपोर्ट वरच ठेवा."

"तो चऱ्होलीत हाय."

त्यांचा घास हातातच राहिला. "हे आत्ता सांगताय?"

"तुमी त्या बाईला इचारलं. मला कुठं इचारलं?"

खरं तर मीही विसरले होते, पण जावयाला ते सांगायचं नसतं.

गाडी वळवली. पहिल्या शिफ्टच्या कंपनीच्या बसा, पुढं कंटेनर, मधे आम्ही. चऱ्होलीच्या अलीकडं मोशीच्या चौकापर्यंत दीड तास. जावयानं फोन केलेला, म्हणून जाऊबाई रिक्षा करून चौकातच उभ्या, गाठोडं काखेत.

"घरापर्यंत आलो असतो की," मी म्हटलं.

"निघालेलं माणूस उंबऱ्यात परत नगं. आन् तुला चहा कोण पाजणार? धर, पळ."

विमानतळावर काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. जावयानं वाटेत एक शब्द काढला नाही. तेवढा प्रवास सुखाचा झाला.

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. नऊ तास बसायचं. जेवण येतं, चव येत नाही. जाणाऱ्यांनी शेंगदाण्याची चटणी पिशवीत ठेवावी. तिथलं घड्याळ साडेतीन तास मागं. मोशीत गेलेले तास तिकडं भरून मिळतात.

दुसऱ्या दिवशी पाळण्यावर वाकून नाव सांगितलं, मल्हार. लेक फोनवरून बघत होती. "आई, मोठ्यानं सांग की, मला ऐकू येत न्हाई."

"तुझं नाव ठिवायचंय का?"

पोरगं झोपलेलंच होतं.

तीन आठवड्यांनी परत आले. गावात विचारतात, फ्रँकफर्ट किती लांब? मी सांगते, मोशीपर्यंत लांब आहे, पुढं जवळ.

काल व्हिडिओवर हाक मारली. मल्हार पंख्याकडं बघत होता. पुन्हा मारली, पंखाच. तिसऱ्या हाकेला वळला, माझ्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. सून म्हणाली, "भूक लागली असेल."

असेल. मी मात्र, त्यानं मला ओळखलं असं धरलंय.