लाल गोळी आणि कावळा

अक्काच्या दहाव्याला कावळा शिवेना. अक्का माझी थोरली बहीण, सोलापुरातली बायकांची डॉक्टरीण. "काय इच्छा राहिली असेल?" तळ्याच्या घाटावर जो तो विचारत होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. कावळ्याला भूक नसेल, एवढंच मला वाटलं. पण ‘कावळा शिवेना’ हे शब्द ऐकून हसू आलं, आणि डोळेही भरले...

अक्काच्या हाताला यश होतं, पण पोटाच्या ऑपरेशननंतरचा ताप कुणाच्याच हातात नव्हता. शस्त्रं उकळून, जंतुनाशक कार्बोलिकनं हात सोलवटून घेऊनही एखादी बाई तापायची आणि जायची. माझी बायको अशीच गेली. ऑपरेशन अक्कानंच केलं होतं. मी तिला दोष दिला नाही. तिनं स्वतःला दिला.

मग अलीकडे मुंबईहून या तापावरच्या नव्या लाल गोळ्या येऊ लागल्या. त्या ताप आल्यावर द्यायच्या. अक्का म्हणाली, "चोर शिरल्यावर कडी कशाला? आधीच लावू." पहिली गोळी भवानी पेठेतल्या नरसव्वाला दिली. विणकराची सून, गर्भाशयात गाठ. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी अक्काचा डबा घेऊन गेलो, तर नरसव्वा कोपऱ्यात वेगळी बसलेली आणि सासू गाठोडं बांधत होती.

"कावळा शिवला की तिला. आता गोळी न्हाय, आपरेशन न्हाय. घरी नेतो."

अक्का ओळखून चुकली. गोळीचा रंग लघवीत उतरतो, हे सांगायचंच राहिलं होतं. तिनं सासूदेखत दोन गोळ्या गिळल्या आणि दुपारी तिला मोरीत नेऊन आपल्या लघवीचं भांडं दाखवलं. "पन्नाशी उलटली माझी. मला कुठला कावळा शिवतोय?"

सासू रंगाऱ्याची लेक. वाकून बघत म्हणाली, "अगं बया, रंगच हाय की ह्यो!" गाठोडं सुटलं. ऑपरेशन झालं, नरसव्वा तापली नाही. "चूक माझी," अक्का मला म्हणाली. तेव्हापासून गोळी हातावर ठेवण्याआधी तिचं ठरलेलं वाक्य असे: "लघवी लाल होईल. घाबरायचं नाही, विटाळ नव्हे तो."

घाटावर नरसव्वा मागे उभी होती. ती पुढं आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अक्का, नव्या डाक्टरीणबाईला आमी सांगतो. रंग आदी सांगायचा म्हून. जावा तुमी निवांत."

कावळा शिवला. त्याला तेव्हाच भूक लागली, असं मी अजून म्हणतो.

परवा अक्काची खुर्ची घरी आणायला दवाखान्यात गेलो. पडद्याआड नवी डॉक्टरीण कुणाला तरी सांगत होती, "लघवी लाल होईल. घाबरायचं नाही..."

खुर्ची तिथंच ठेवून आलो.