माझं वेड, त्यांचं टेन्शन

बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी मला लेकीला अंघोळ घालायची भीती वाटायला लागली. ती माझ्या हातून पाण्यात सुटेल, असं सारखं वाटायचं. झोप उडाली, रडू थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय." आठ दिवसांत मला जुन्या जालन्यातून माहेरी, धावड्याला नेऊन सोडलं. लेक मात्र ठेवून घेतली. "येड्या बाईजवळ लेकरू कसं ठेवावं?" आईनं डॉक्टरकडे नेलं, गोळ्यांनी मी सावरले. पाच महिन्यांनी मला परत घेतलं.

चार वर्षांनी नवऱ्याचं सुरू झालं. ते कापडाच्या होलसेल दुकानात कामाला. ते रडत नव्हते, ओरडायचे. एकदा ताट भिरकावलं. मग तासन्‌तास जिन्यात गप्प बसून राहायचे. सासूबाई म्हणायच्या, "कामाचं टेन्शन हाय. पुरुष माणसाला असतंच." त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडेही नेलं नाही. मी दोनदा विषय काढला, तर म्हणाले, "मी काय बाई हाय का?"

एका दुपारी दुकानातून फोन आला, ते आज आलेच नव्हते. मी त्यांना लावला. मागे ट्रकांचा आवाज.

"कुठंय तुम्ही?"

"शहागडला. पुलावर."

"काय करून राह्यले तिथं?"

"काही न्हाई. पाणी बघून राह्यलो."

मी सरळ विचारलं, "मरायचं मनात आलंय का?"

ते म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"माझ्याबी मनात आल्तं."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते रडायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी विनवून त्यांना पुलावरून खाली, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर जायला लावलं. फोन टपरीवाल्याकडे द्यायला लावून मी त्याला म्हणाले, "दादा, यांना एकटं सोडू नका, मी निघालेच." अंबडमार्गे जीपनं पोचेपर्यंत फोन कानाला होता. कट झाला तर, या धास्तीनं मी श्वासही जपून घेत होते.

ते बाकावर बसलेले होते. शेजारी टपरीवाला, त्यांचा हात धरून. तिथून आम्ही थेट डॉक्टरकडे गेलो.

आता ते बरे आहेत, कामावर जातात. सासूबाई शेजारणींना सांगतात, "पित्ताच्या गोळ्या चालू हायत." पण नवऱ्यानं फोन लगेच उचलला नाही, की मी अजून दुकानात फोन लावते.