टाकीतला बिशप आणि न्हाव्याची कात्री

आमच्या सांता मार्ता शहरात समुद्र दोन गल्ल्यांवर आहे. तरी एउक्लिदेस न्हाव्याने घरात काचेची टाकी आणून तिच्यात समुद्र भरला. खारं पाणी कॅनने वाहत तो माझ्या दारावरून जायचा आणि समोरच्या दारातून त्याची बायको नुरिस ओरडायची, "ए म्हाताऱ्या, आता वाळवंटही आण, परसात जागा आहे!"

टाकीत मासा एकच. काळं अंग, पिवळी किनार, फिरण्यात तोरा, म्हणून त्याचं नाव बिशप. पण हल्ली बिशप दिसेनासाच झाला. दगडांवर, काचेवर, नळीवर हिरवं केसाळ शेवाळ चढलं होतं. एउक्लिदेस जातिवंत न्हावी. त्याने बाह्या सरसावल्या, दुकानातली कात्री आणली आणि शेवाळाची झकास हजामत केली. कडेने बारीक, वर जरा लांब. मला बोलावून दाखवलंसुद्धा! पण कापलेला तुकडा जिथे जाऊन बसला तिथे नवं शेवाळ उगवलं. माझ्या थोरल्या मुलीचा तो बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. मी म्हटलं, "कोंपाद्रे, एकदा माझ्या टकलावर चालव की ही कात्री!" त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलेना.

मग शेवाळ खायला त्याने टाकीत गोगलगायी सोडल्या. त्या एका कोपऱ्यात बसून राहिल्या. शेवटी नुरिसने निकाल दिला. "ईस्टरला माझी बहीण दिल्या जेवायला येतेय. तोवर काच स्वच्छ दिसली तर ठीक. नाहीतर टाकी किनाऱ्यावरच्या खानावळीत जाईल आणि त्या जागी माझं भांड्यांचं कपाट येईल." एउक्लिदेसचं तोंड एवढंसं झालं. त्याला त्या माशाचा फार लळा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवूनही तो बिशपच्याच गोष्टी सांगतो आणि गिऱ्हाइकं निमूट ऐकतात.

माशांच्या दुकानदाराने सांगितलं, शेवाळ उजेडावर आणि उरल्यासुरल्या अन्नावर माजतं. टाकी झाकून ठेवा, खायला अगदी चिमूटभर द्या. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा चालू होता. घरात जांभळं कापड सापडलं, ते एउक्लिदेसने टाकीवर घातलं. आता त्या आठवड्यात चर्चमधल्या सगळ्या संतांच्या मूर्ती जांभळ्या कापडाखाली असतात, हे या गृहस्थाच्या डोक्यात यायला नको? आणि त्याच दिवसांत घरोघरी गोडाच्या वाट्याही फिरतात. शेजारच्या एडिल्माबाई नारळाचं गोड घेऊन आल्या, टाकी पाहिली आणि गुडघ्यांवरच बसल्या. मग गल्लीतल्या बायकांची रीघ लागली.

"कोणता संत गं?"

"विचारू नये. पावतो म्हणतात."

एडिल्माबाई पुन्हा आल्या त्या पेटती मेणबत्ती घेऊन. एउक्लिदेस नेमका घरी होता. त्याने झडप घालून ती विझवली. "बाई, उजेड नको! उजेड अजिबात चालत नाही!"

"अगंबाई, इतका कडक आहे?" म्हणत त्या अदबीने मागे सरल्या.

ईस्टरला दिल्या आली. मीही जेवायला होतो. एउक्लिदेसने श्वास रोखून कापड ओढलं. आत हिरवंगार रान!

"यात मासा आहे की गाय चरतेय?" दिल्या म्हणाली.

एउक्लिदेस मटकन खाली बसला. इतके दिवस मी त्याची टर उडवली होती, पण त्या वेळी मला त्याची खरंच दया आली. नुरिस भात वाढायला वळली. पातेल्यावर चमचा वाजला. त्याबरोबर शेवाळातून बिशप सुसाट बाहेर आला आणि तिच्या बाजूच्या काचेला नाक लावून उभा राहिला. एउक्लिदेसकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. एउक्लिदेसने वाकून तळाशी पाहिलं. वाळूत मक्याच्या भाकरीचे तुकडे होते, नारळाचा कीस होता.

"नुरिस, तू याला खायला घालतेस?"

"सकाळी जरासं."

"आणि?"

"दुपारी. आणि गोडाच्या वाट्या आल्या तेव्हा. सणासुदीला घरातलं एक तोंड उपाशी ठेवू? तेही अंधारात कोंडून?"

"अगं बये, त्यानेच हे रान माजलंय! आणि टाकी काढा म्हणून तूच माझ्या मागे लागलीस!"

"लागले." तिने हात पुसले. "तू दिवसभर दुकानात, जेवतोस तिथेच. मुली माद्रिदला. या घरात चमचा वाजल्यावर धावत येणारं दुसरं कोण उरलंय रे?"

एउक्लिदेसने जांभळ्या कापडाची घडी घातली.

कपाट अजून मागच्या खोलीतच आहे. बिशपला आता दुपारी एकदाच चिमूटभर मिळतं. नुरिसने ते कबूल केलं, पण एका अटीवर. शेवाळही हळूहळू हटत चाललंय. दुपारी मी दारात झुलत्या खुर्चीवर बसलेला असतो. समोर पातेल्यावर चमचा वाजतो आणि कात्री खिशात कोंबत एउक्लिदेस कोपऱ्यावरच्या दुकानातून जेवायला पळत येतो. मासा रोज त्याच्या आधी पोचलेला असतो.