इमास की अरीमास

विकास नगरातला आमचा इस्त्रीवाला चाळिशीत जपानी शिकतोय. परीक्षा पास झाला की जपानात म्हातारे सांभाळायची नोकरी आहे म्हणे. मी विचारलं, "यहाँ के बुड्ढे खतम हो गए क्या?" तो हसला नाही.

"आहे"साठी तिकडे दोन शब्द. जिवंताला इमास, निर्जीवाला अरीमास. मागल्या खेपेला यातच तो नापास झाला. म्हणून आता इस्त्री फिरवताना दिसेल त्याच्यावर ओरडतो. "कुत्ता, इमास! स्कूटर, अरीमास!" बँकेतले मॅनेजर समोरून गेले तेव्हा जरा थांबला, मग हळूच म्हणाला, "इमास."

दर सोमवारी मी हिचं एक पातळ त्याच्याकडे नेतो. ही जाऊन दोन वर्षं झाली. नेसणारं कोणी नाही, पण चुण्या बघवत नाहीत.

परवा पातळ पसरून तो म्हणाला, "साड़ी, अरीमास."

मी खवळलो. "और पहननेवाली?"

त्याने इस्त्री उभी ठेवली, बराच विचार केला. "चाची, इमास."

"गधे, फिर फेल होगा!"

"परचे में सही लिख देंगे, चाचा." त्याने पाणी शिंपडलं. "चाची को स्टार्च पसंद है?"

"नहीं," मी म्हटलं, "उसको चुभता है."