तापीच्या मापाने

आमच्या कुमुदआत्याला किलोमीटर मान्य नव्हता. तीस वर्षं तिने बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पुस्तकातला आकडा लिहायची, पुसायची, आणि मग वर्गाकडे वळून खरं माप सांगायची. आल्प्सचं सगळ्यात उंच शिखर म्हणजे एकावर एक ठेवलेले सात असीरगड. सहारा म्हणजे बुऱ्हाणपूरहून निघून शेजारच्या निंबोल्याला पोचायचं, असं चारशे वेळा, आणि वाटेत केळीचं एक जरी झाड दिसलं तर तो सहारा नव्हे. जगात अशी जागा नव्हती जी तिने आमच्या गावात बसवून दाखवली नाही.

शाळा हिंदी होती आणि घर मराठी. त्यामुळे ती घरात आत्या आणि शाळेत बहनजी. नद्या-डोंगर हिंदीतून, रागावणं मराठीतून. सहावीत असताना मी भर वर्गात 'आत्या' म्हणून हात वर केला, तेव्हा "यहाँ कोई आत्या नहीं है" असं शांतपणे सांगून तिने मला तासभर बाकावर उभं केलं. संध्याकाळी सिंधीपुऱ्यातल्या घरी तीच माझ्या पायांना तेल चोळत म्हणाली, "त्या बहनजीला काही दयामायाच नाही बघ."

नकाशाच्या परीक्षेच्या दिवशी माझं पोट दुखायचं. घरचे सगळे ओवा शोधायला लागायचे. आत्या मात्र लांबूनच विचारायची, "पोट दुखून राहिलं का नकाशा?" या एका प्रश्नाने माझी पोटदुखी बरी व्हायची. पुढे सिंचन खात्यात कारकून झाल्यावर रोज नकाशांच्याच गठ्ठ्यांवर डबा ठेवून जेवायची वेळ माझ्यावर आली, हा तिच्या करमणुकीचा कायमचा विषय होता.

तिचा सगळ्यात लाडका धडा इस्तंबूलचा. एकच शहर, मध्ये समुद्राचा चिंचोळा पट्टा, अलीकडे आशिया आणि पलीकडे युरोप. हा धडा ती वर्गात शिकवायचीच नाही. पावसाळ्यात तापीला पूर आला की अख्ख्या वर्गाला राजघाटावर घेऊन जायची आणि पलीकडच्या जैनाबादकडे बोट दाखवायची. आपण आशियात, ते युरोपात, मध्ये एवढंच पाणी. जैनाबादहून नावेने शाळेत येणारी एक मुलगी तेव्हापासून स्वतःला युरोपातली समजायची, आणि आत्याने तिचा समज कधी दुरुस्त केला नाही.

ती निवृत्त झाली ती बाहेरचं जग गावात शिरण्याची वर्षं होती. गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला, आणि रविवारच्या पेपरात सहलींच्या पानभर जाहिराती येऊ लागल्या. त्यातली एक तिने कापून ठेवली. तुर्कस्तान, आठ दिवस, फक्त चौदा जण, सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक.

इथे एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण काही राखून ठेवून सांगायला गेलो की माझीच गल्लत होते. आत्याला काचबिंदू होता. इंदूरच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की नजरेच्या कडा मिटत आल्यात, मधलं जे उरलंय तेही वर्ष-दीड वर्षात जाईल. ते जायच्या आत तिला ते दोन किनारे बघायचे होते. हे तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही एवढंच बघत होतो की आत्या हल्ली चहा ओतताना कपाच्या काठाशी बोट धरते. मी त्यावर विनोदही केला होता. ती म्हणाली, "गरम किती ते बघून राहिली."

जाहिरात घेऊन ती आधी माझ्याकडेच आली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

"दोघं जाऊ," ती म्हणाली. "तू सोबत चाल. मला कोणी आपलं पाहिजे."

मी सांगितलं, ऑफिसात ऑडिट आहे. ऑडिट नव्हतं. खरं कारण असं की मला विमानाची भीती वाटते, आणि त्याहून मोठी भीती ही की लोक म्हणतील, चाळिशीला आला आणि आत्याचा पदर धरून फिरतो. ती माझ्याकडे बघत राहिली. आता वाटतं, मी तिला नीट दिसत तरी होतो की नाही, देव जाणे.

"ऑडिट, का नकाशा?" तिने विचारलं.

मी पेपरचं पान उलटलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फॉर्म मीच भरला. चष्मा सापडत नाही म्हणून तिने तो माझ्याकडे दिला होता. 'सोबतचे प्रवासी' असा एक रकाना होता. त्यात मी माझ्या हाताने आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली याचं मला बरं वाटल्याचंही आठवतं.

स्टेशनावर तिला मुंबईच्या गाडीत बसवलं तेव्हा तिच्याकडे एक बॅग आणि आमच्याकडच्या दराबा मिठाईचा मोठा डबा होता. तेरा अनोळखी लोकांशी ओळख करायची तर रव्या-तुपाशिवाय कशी होणार, असं तिचं म्हणणं. गाडी हलली तेव्हा मी हात हलवला. ती माझ्या शेजारच्या हमालाकडे बघून हात हलवत होती. मी यावरही घरी येऊन सगळ्यांना हसवलं.

परत आल्यावर महिनाभर आमच्या ओट्यावर गर्दी होती. आत्या सांगायची आणि गल्ली ऐकायची. सहा जोडपी होती, आणि एकट्या बायका दोनच, ती आणि नाशिकच्या निवृत्त नर्स नलिनीबाई, म्हणून दोघींना एक खोली. मार्गदर्शक दिवसातून दहा वेळा डोकी मोजायचा. मशिदींचे घुमट, मसाल्यांचा बाजार, नावेमागे उडणारे समुद्रपक्षी, सगळं तिने असं सांगितलं की पानवाल्यालाही ते दिसलं. कोणीतरी विचारलं, बहनजी, पाणी केवढं होतं? ती म्हणाली, "पुरातली तापी."

दिवाळीनंतर नलिनीबाई खंडव्याला मुलीकडे जाताना आमच्याकडे उतरल्या. आत्या देवळात गेली होती. मी चहा केला आणि त्यांनी सहज विचारलं, आता अगदीच दिसत नाही का हो त्यांना? माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की मला काहीच ठाऊक नाही. मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी कपातलं बोट बघून त्यांनी ओळखलं होतं. आठही दिवस आत्या त्यांचा दंड धरून चालली. घुमट, बाजार, पक्षी, सगळं नलिनीबाईंनी बघितलं आणि तिला सांगितलं. नावेत मात्र आत्याने कठडा धरून खूप वेळ स्वतःच बघायचा प्रयत्न केला. उन्हाने पाणी चमकत होतं. तिला नुसता उजेड दिसला.

त्या गेल्यावर मी आत्यापाशी बसलो. ऑडिट नव्हतं, एवढंच कसंबसं म्हणालो.

"तुझं ऑडिट मी सहावीपासून ओळखून आहे," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नलिनी गुणाची बाई आहे रे. तिने सगळं सांगितलं. पण ती नाशिकची. मी विचारलं पाणी केवढं, तर म्हणे गोदावरीच्या चार-पाच पट. मी गोदावरी बघितलीच नाही कधी. कशी मोजू? तू असता तर सीधं तापीत सांगितलं असतं."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढची दोन वर्षं ती पूर्ण अंधारात होती. मी तिला रोज संध्याकाळी राजघाटावर न्यायचो आणि दिसेल ते सांगायचो. पाणी कुठल्या पायरीवर आहे, जैनाबादच्या बाजूला किती म्हशी उतरल्यात. माझं बघणं कच्चं होतं. ती चुका काढायची, म्हशी परत मोजायला लावायची. एका श्रावणात दोन दिवसांच्या तापाने ती गेली. तापीला तेव्हा पूर होता, आणि ते मी तिला सांगितलं होतं.

नंतरच्या वर्षी मी त्याच सहलीचा फॉर्म आणला. बायकोने गुडघ्यांचं कारण सांगितलं, ते खरं होतं. 'सोबतचे प्रवासी' या रकान्यात मी पुन्हा आडवी रेघ मारली. या वेळी ती वाकडी आली. विमानात मी डोळे मिटून बसलो, आणि शेजाऱ्याला वाटलं मी जप करतोय.

इस्तंबूलला नाव पाण्याच्या मधोमध आली तेव्हा मार्गदर्शकाने सांगितलं, डावीकडे युरोप, उजवीकडे आशिया. मी कठड्याशी गेलो. राजघाट अलीकडे धरला, जैनाबाद पलीकडे, आणि पाण्यावर मांडून बघितलं. नाही बसलं. दोनदा मोजलं. पुरातली तापी खरी, पण एक नव्हे, एकीपुढे एक अशा तीन. तीस वर्षं तिने एकच शिकवली होती.

"तीन, आत्या," मी म्हणालो.

शेजारच्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, काही म्हणालात का? मी म्हटलं, काही नाही, माप घेऊन राहिलो. त्यांनी मान हलवली आणि त्यांचा कॅमेरा माझ्या हातात दिला, दोन्ही किनारे येतील असा फोटो काढा म्हणाल्या. मी त्यांना इकडे उभं केलं, तिकडे उभं केलं, स्वतः नावेच्या टोकापर्यंत मागे सरकलो. एका वेळी एकच किनारा येत होता.