रेकॉर्डमधले टाळ

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून शेजारचे अण्णा म्हणायचे, "श्श! आता बोलू नका. ऐका." मग तोंडात घेतलेला चहाचा घोट गिळावा की तसाच धरून ठेवावा, या पेचात आपण बसून राहायचं. थोड्या वेळाने ते विचारायचे, "काय ऐकू आलं?" आपण म्हणायचं, "भजन." त्यावर ते खेदाने मान हलवायचे. "भजन तर गाढवालाही ऐकू येतं. आणखी काय?" या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला एकदाही देता आलं नाही.

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेल. त्याचं वाईट चिंतवत नाही, पण सकाळी तो अंगणात दिसला की आपण मागे वळतो आणि चप्पल सापडत नसल्याचं सोंग करतो. ऐंशीच्या त्या दशकात रत्नागिरीत आम्ही राहत होतो त्या घराचे दोन भाग पाडलेले होते. मालक मुंबईला. मधल्या भिंतीच्या अलीकडे मी आणि माझी बायको, पलीकडे अण्णा आणि वहिनी. आळीत लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणत. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. देवरूखकडच्या डोंगरांत साखळ्या ओढत त्यांनी किती भावाभावांच्या हद्दी ठरवून दिल्या असतील, देव जाणे. निवृत्त होताना त्यांनी तिथून एक जुनी पाणसळ आणली, म्हणजे सपाटी बघायची ती बुडबुड्याची पट्टी, आणि एक सिद्धांत आणला. "जमीन कधी सरकत नाही," ते म्हणायचे. "हद्दीचा दगड सरकलेला असतो. तो शोधायचा."

हा सिद्धांत त्यांनी रेकॉर्ड प्लेअरला लावला आणि आमचे हाल सुरू झाले.

झालं असं, की वहिनींची भजनांची एक जुनी, लाडकी रेकॉर्ड होती. दुपारची जेवणं आटोपली की ती लागायची आणि वहिनी तांदूळ निवडत ऐकत बसायच्या. एके दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, यातले टाळ कुठे गेले?"

टाळ कुठेही गेले नव्हते. भिंतीच्या अलीकडे मी आडवा झालो होतो आणि त्या टाळांनीच माझी झोप मोडली होती. वहिनींचे कान जात चालले होते आणि बारीक, चढे आवाज त्यांना आधी सोडून चालले होते. आळीला हे कळलेलं होतं. त्यांच्या कुकरच्या शिट्या माझी बायको मोजायची आणि जास्त झाल्या की हातातलं काम टाकून पलीकडे जाऊन स्टोव्ह बंद करून यायची. वहिनी ओशाळून म्हणायच्या, "वाजला होय? हल्ली शिटीच धड होत नाही बघ त्याची."

अण्णांनी मात्र प्लेअरवरची रेकॉर्ड काढली आणि तिच्या जागी पाणसळ ठेवली. "तरीच!" ते म्हणाले. "बुडबुडा समुद्राकडे जातोय."

तिथून पुढे कागदाच्या घड्या, सुपारीची खांडं आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे प्लेअरच्या पायांखाली गेले. बुडबुडा मधोमध आला. टाळ काही आले नाहीत. मग अण्णांचं लक्ष विजेकडे गेलं, म्हणजे माझ्याकडे. मी वीज कार्यालयात कारकून होतो. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा, रेकॉर्ड मंदावायची आणि आतला गाणारा बुवा चालू अभंगात म्हातारा व्हायचा. की लगेच भिंतीवर टकटक.

"तुमचा दाब बघा जरा!"

"अण्णा, मी फक्त बिलं लिहितो."

"म्हणजे पैसे घ्यायला तुम्ही, आणि वीज द्यायला कोण?"

हा संवाद आमच्यात कितीदा झाला याची गणती नाही. बायको म्हणायची, एवढा त्रास होतो तर स्पष्ट सांगा ना त्यांना. मी म्हणायचो, तू सांग. मग दोघंही जेवायला बसायचो आणि पलीकडे बुवा पुन्हा तरुण व्हायचा.

यानंतर आले चिरे. अण्णांच्या ध्यानात आलं की खोलीत कोणी चाललं तरी टेबल हलतं आणि सुई थरथरते. सुईखाली अचल काहीतरी हवं. आता आमच्याकडे अचल म्हणजे काय? घर चिऱ्याचं, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची. एका सकाळी बैलगाडीवाला दाराशी जांभ्या दगडाचे चार चिरे उतरवून घामाघूम उभा. तो मला म्हणाला, "ह्ये घरात कशाला? चूल बांधताव काय?" मी पलीकडच्या दाराकडे बोट दाखवलं आणि आत पळालो.

अण्णांनी बसायच्या खोलीत चिरे रचले, वर प्लेअर ठेवला. खरंच, तुम्ही शेजारी उड्या मारा, सुई जागची हलत नव्हती. (उड्या मला मारायला लावल्या होत्या.) पण जांभा तो जांभा. हात लागला की भुकटी सोडणार. आठवड्याभरात ती तांबडी भुकटी रेकॉर्डच्या बारीक रेघांत जाऊन बसली आणि भजनातून कढईत काही तळतंय असा आवाज येऊ लागला. जन्मभर चिऱ्याच्या हद्दी रोवलेल्या माणसाला हे सुचू नये?

दुसरा कोणी असता तर चिरे उचलून परसात टाकता. अण्णांनी होडीवाल्यांकडून काजूच्या टरफलांचं तेल आणलं आणि भुकटी बसावी म्हणून चिऱ्यांना चोपडलं. ते तेल होडीच्या फळ्यांना लावतात, पण लावताना हाताला जपतात. अण्णांनी थेट बोटांनी लावलं. काजू अंगावर असा उतला की दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले, तोंड सुजलं, घरभर उग्र वास सुटला. वहिनी त्यांना खोबरेल लावत होत्या आणि रडवेल्या होऊन म्हणत होत्या, "कशाला हो एवढं? नाही आले टाळ तर नाही आले."

"येतील," सुजलेल्या ओठांतून अण्णा म्हणाले. "सुई बदलायला हवी."

सुईसाठी त्यांनी राजिवड्याच्या हमीदला गाठलं. हमीद कुवेतला होता आणि सुट्टीवरून परत निघाला होता. सुट्टीवर येणाऱ्यांनी घरच्यांसाठी अत्तरं आणावी, साड्या आणाव्या, टेपरेकॉर्डर आणावे. अण्णांनी त्याच्या हातात आपल्या जुन्या सुईचं चित्र दिलं, मोजमापांसकट. पुढच्या खेपेला हमीद सुई घेऊन थेट आमच्या अंगणात आला. पाठोपाठ त्याची आई, रागावलेली. "मी सांगितलेला मिक्सर विसरला हा! आणि अण्णांची सुई शर्टाच्या खिशात, काळजाजवळ!"

हमीद हसत म्हणाला, "अण्णा, कस्टमवाल्याने विचारलं, या डबीत काय हाय? मी म्हटलं, टाळ हायत आत."

सुई बसली. मी कितीही वैतागलेला असलो तरी खोटं बोलणार नाही: तो आवाज तसा मी पुन्हा कुठे ऐकला नाही. बुवाने श्वास घेतला तोसुद्धा कळला. पेटीचा भाता कळला. आणि टाळ असे वाजले की जणू खोलीच्या कोपऱ्यात कोणी उभं राहून वाजवतंय. हमीद, त्याची आई, माझी बायको, अंगणात थबकलेली शेजारची दोन माणसं, सगळे ऐकत होते आणि सगळे वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. वहिनी मान डोलावत होत्या.

अण्णांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आले टाळ?"

वहिनींनी आधी त्यांच्या हातांवरच्या सुकत आलेल्या फोडांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येतायत की! छान येतायत."

अण्णांनी सुई उचलली. "आत्ता टाळ नव्हतेच," ते म्हणाले. "आत्ता नुसती पेटी चालली होती."

वहिनी पदराशी चाळा करत बसल्या. हमीदच्या आईने मिक्सरचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात. स्पीकरच्या तारा जाड टाकायच्या होत्या. वीज कार्यालयात तांब्याची तार असते, तेव्हा थोडी मिळेल का? माझं डोकंच सरकलं. आदल्या दिवसापासून साठलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हणालो, "अण्णा, पुरे झालं! टाळ आहेत. त्या रेकॉर्डमध्ये आहेत, माझ्या घरात आहेत, माझ्या उशीखाली आहेत! वहिनींना ऐकू येत नाही. दोष कानात आहे, मशीनमध्ये नाही. अख्ख्या आळीला कळतं ते तुम्हांला कसं कळत नाही?"

अण्णांनी बोट वर केलं नाही की मला गप्प केलं नाही. पायरीवर बसले. म्हणाले, "कळतं हो. पहिल्या दिवशीच कळलं. मला टाळ येत होते, तिला येत नव्हते, यात न कळण्यासारखं काय आहे? पण कान मला दुरुस्त करता येत नाहीत. हे येतं."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की त्यातलं आधी काय आलं ते आजही सांगता येणार नाही. तार मात्र मी दिली नाही. ती सरकारी होती.

त्याऐवजी मी आणि बायकोने त्यांच्या मागे लागून वहिनींना कोल्हापूरच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, नस अशक्त झाली आहे, यंत्र लावून बघा. वहिनी यष्टीतून उतरल्या त्या छातीशी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी आणि कानात वायर लावून. अंगणात पाऊल टाकताच दचकल्या. "कावळे एवढे ओरडतात?" घरात भांडं पडलं की त्यांचा जीव जायचा. पण कुकरची शिटी त्यांनी स्वतः ऐकली आणि स्वतः स्टोव्ह बंद केला, तेव्हा माझ्या बायकोने मला खास हाक मारून सांगितलं. फक्त भजन काही जमेना. वहिनी म्हणाल्या, "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतंय."

आता पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मला ते ओळखता आलं असतं तर मी त्या दिवशी रजा टाकून त्यांच्या दारात बसलो असतो. वहिनी आंघोळीला गेल्या असताना अण्णांनी ते कानाचं यंत्र उघडलं. आवाजात खरखर आहे, म्हणजे आत कुठलातरी दगड सरकलेला असणार! कामावरून आलो तर अण्णा टेबलाशी, भिंग डोळ्याला लावून, आणि समोर वर्तमानपत्रावर त्या यंत्राची आतडी. ते यंत्र त्यानंतर कधीही बोललं नाही.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वहिनी बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून कळत असावं, कारण त्यांनी मला हाताने थांबवलं. म्हणाल्या, "जाऊ दे रे. त्या डबीतून यांचा आवाज बदकासारखा यायचा. मला काही आवडला नाही."

अण्णा गेले, मागोमाग वहिनीही गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या भागात नवीन बिऱ्हाड आलं आहे. चांगली माणसं आहेत, टीव्ही बेताने लावतात, त्यांचा काही त्रास नाही. चिरे कोणीतरी परसात नेऊन त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. पण अण्णा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती यंत्र मोडलं त्यानंतरच्या रविवारची दुपार.

मी जेवून पडलो होतो. भिंतीपलीकडून असा काही आवाज आला की मी उठून बसलो. कोणाच्या तरी पोटात जोराची कळ आली असावी असं वाटलं. तसाच बनियनवर पलीकडे धावलो. दार उघडं होतं.

प्लेअर बंद होता, त्यावर धुतलेला टॉवेल वाळत घातला होता. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं सूप. अण्णा शेजारी स्टुलावर, त्यांच्या डाव्या कानाला जवळजवळ तोंड लावून, डोळे मिटून, रेकॉर्डमधलं पहिलं भजन म्हणत होते. म्हणत होते म्हणजे ओरडत होते. अण्णांचा आणि सुराचा जन्मात कधी संबंध आला नव्हता. बुवा जिथे वर जायचा तिथे ते खाली उतरत होते आणि बुवा थांबायचा तिथे धापा टाकत होते. पण जिथे जिथे टाळ येतात तिथे तिथे, एकही न चुकता, वहिनींच्या हातावर आपल्या बोटाने ठोका देत होते.

एक कडवं संपलं. वहिनींनी डोळे उघडले. मी दारात आहे हे दोघांच्याही गावी नव्हतं.

"टाळ आले," वहिनी म्हणाल्या. "सगळे आले. पण जरा सुरात म्हणा की हो."

म्हणजे वहिनींना त्यांचा सूर ऐकू आला होता! अण्णांचा चेहरा असा फुलला की जणू कोणी त्यांच्या सुराची तारीफ केली होती. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरू केलं, आधीइतकंच बेसूर.