एक किलो आठशे

आमच्या विरारच्या इमारतीत आमच्या कुत्रीच्या मृत्यूची हकिकत तीन प्रकारे सांगितली जाई, आणि तिन्ही प्रकार खोटे होते. शेजाऱ्यांच्या मते सांडोरच्या एका बागायतदाराने आपला थोराड नर लावून आम्हाला फसवले. माझ्या मुलीच्या मते महामार्गावरच्या खाडीपुलावर वाहने खोळंबली नसती, तर ती वाचली असती. माझ्या पत्नीच्या मते तिने कौतुकाने भरवलेल्या डिंकाच्या लाडवांमुळे पोटातले पिल्लू अवाजवी वाढले. चुकीच्या विधानाला जागच्या जागी हरकत घेणे हा माझा स्वभाव आहे; सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते माझ्यामुळे पुन्हा लिहावी लागली आहेत. या तीन विधानांना मात्र मी दहा-अकरा वर्षे हरकत घेतली नाही. तिन्ही माझ्या सोयीची होती.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे आणि वजने तपासून त्यांवर शिक्का मारणे हे माझे काम. बाजारातून आणलेली भाजीसुद्धा मी घरी माझ्या पितळी तराजूत पुन्हा तोलत असे. पत्नीला त्याची लाज वाटे. मला अभिमान वाटे.

कुत्री मुलीसाठी आणलेली होती. पांढरी पोमेरेनियन, तीही त्या जातीतली अगदी लहान चणीची. भाजीच्या पिशवीत घातली तर फक्त कान बाहेर दिसत. वरच्या मजल्यावर एक बँकवाले राहत. त्यांचा अल्सेशियन जिन्यात समोरून आला की ते थांबून म्हणत, "काका, मांजर फिरवायला निघालात?"

"तुमचं जनावर आधी जिन्यात मुतायचं थांबवा, मग माझ्या मांजराकडं बघा."

"पिल्लं झाली की सांगा हो. एक खिशात घालून बँकेत नेईन!"

ते गमतीने बोलले. मी ते मनावर घेतले. एवढीच लहान पिल्ले जन्माला घालून दाखवीन, असे मी जिन्यातच जाहीर केले. महिनाभरात तीन घरांना पिल्ले कबूलही करून बसलो. लहान कुत्रीला लहान पिल्ले होणार, हे माझे गणित होते. ते कोणाला विचारावे असे मला वाटले नाही.

नर लावायला सांडोरला जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला तराजूच्या पारड्यात बसवले. तिला तो खेळ वाटला. तिची शेपटी हलत राही आणि काटा स्थिर होईना. शेवटी ती माझ्याकडे पाहत गप्प बसली. दुसऱ्या पारड्यात एक किलोचे, पाचशेचे, दोनशेचे आणि शंभराचे वजन होते. एक किलो आठशे. घरात दुसरे कोणी उठलेले नव्हते. तिच्या वजनाचा हा आकडा केवळ मला ठाऊक होता.

सांडोरचे बागायतदार माझ्याच वयाचे, केळीची बाग असलेले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्याकडे पोमेरेनियनची चांगली जोपासलेली जोडी होती. त्यांनी कुत्रीला दोन्ही हातांत उचलले, नुसते पाहण्यासाठी लागतो त्याहून थोडा अधिक वेळ धरून ठेवले आणि खाली सोडले.

"लहान आहे हो, साहेब. वजन किती?"

"तीन किलो."

"तीनच्या खालची मी घेत नाही. मागं एकदा घेतली होती. पिल्लू अडकलं, मादी गेली. आमच्या हिनं दोन दिवस चूल पेटवली नाही." मग पडवीत टांगलेल्या, केळीचे घड तोलायच्या काट्याकडे त्यांनी हात केला. "राग मानू नका. करंडीत घालून बघू. मिनिटाचं काम."

त्या क्षणी खरे सांगून परत फिरता आले असते. परंतु माझा शब्द कोणी काट्यावर घालून पाहावा, हे मला सोसण्यासारखे नव्हते. मी उठून काट्यापाशी गेलो आणि चष्मा चढवला.

"यंदाचा शिक्का कुठं आहे याच्यावर?"

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "तरी मी सांगत होते, ते एक काम उरकून घ्या म्हणून."

"मी कोणत्या खात्यात आहे, ठाऊक आहे ना? बिनशिक्क्याच्या काट्यावर तुम्ही माझं कुत्रं तोलणार?"

"राहू द्या, साहेब. तुमचा शब्द पुरे."

मी विजयी मुद्रेने चहा प्यायलो. परत निघताना काटा तपासून घेण्याची त्यांना समजही दिली.

कुत्री गाभण राहिली. पत्नीने तिला माहेरी आलेल्या लेकीसारखे वागवले. डिंकाचा लाडू कुस्करून दुधात कालवून देई आणि म्हणे, "खा गं बाई, तुला दोन जिवांचं खायचंय." महिन्याभराने मी वसईच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो, पण एकटाच. कुत्री नेली असती तर तिथेही तराजू होता.

डॉक्टरांनी म्हशीचे इंजेक्शन भरता भरता विचारले, "नर लावला तेव्हा वजन किती होतं?"

"तीन."

"मग घरीच मोकळी होईल. दोनच्या आतली असती, तर मुंबईला आधीच वेळ ठरवून पोट उघडायला सांगितलं असतं. इतक्या बारक्या मादीचं कटीचं हाड अरुंद असतं, पिल्लाचं डोकं बाहेर येत नाही. त्यात एकच पिल्लू असलं, तर ते जास्तच मोठं होतं. एकदा आणा तिला, बघून ठेवतो."

"गरज पडली तर आणीन," मी म्हणालो.

त्या बोलण्यातला शब्द न् शब्द मला समजला होता. माझे अज्ञान होते असे कोणी म्हणू नये. खोटे मागे घेण्यासाठी अजून महिना शिल्लक होता आणि मी तो जाऊ दिला.

एका रविवारी सकाळी तिने गोधडी उकरायला सुरुवात केली. दहाच्या सुमारास ती जोर करू लागली. तासभर गेला, मग आणखी अर्धा तास. हिरवट पाणी गेले. पिल्लू आले नाही. मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "बाबा, ही माझ्याकडं बघतच नाहीये." रिक्षाने आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी तिला हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले.

"हिचं वजन तीन होतं?"

मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "होतं."

त्यांनी तिचे पोट चाचपले. "डोकं हाडात अडकलंय. एवढ्या जिवाला भूल द्यायची सोय माझ्याकडं नाही. गाडी करा आणि मुंबईला पळा. मी तिथं फोन करून ठेवतो."

खाडीच्या पुलावर एक ट्रक बंद पडला होता आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. कुत्री मुलीच्या मांडीवर होती. मी तिला हाक मारली, तेव्हा तिने मान उचलायचा प्रयत्न केला. थोड्या वेळाने तोही थांबला. मुलगी काच खाली करून पुढच्या गाड्यांवर ओरडत राहिली, "सरका ना! सरका!" पूल मोकळा झाला तेव्हा मी चालकाला गाडी वळवायला सांगितले.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे बँकवाले खाली आले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. "नर मोठा होता ना, काका? त्या सांडोरवाल्यानं बघायला नको?"

मी म्हणालो, "हो ना."

त्या दोन शब्दांनी सांडोरच्या माणसाचे नाव आमच्या इमारतीत खराब झाले. आत पत्नी लाडवांचा डबा घेऊन बसली होती. ती कोणालाही उद्देशून नव्हे, अशा स्वरात म्हणाली, "माझ्या हातानं घातलं मी तिला." मी तेही ऐकले आणि दिवा लावायला उठलो.

पुढे मुलीचे लग्न झाले आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली. पत्नीने सगळे केले, फक्त डिंकाचे लाडू केले नाहीत. शेजारणीने टोमणा मारला, "काय हो, लेकीच्या तोंडाला कुलूप लावलंय वाटतं?" पत्नी हसली. स्वयंपाकघरात आल्यावर मात्र मला म्हणाली, "हसू देत. एकदा मी जीव घेतलाय. पोरीच्या बाबतीत मला जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सांडोरला गेलो. घरातल्यापेक्षा परक्यासमोर कबुली देणे सोपे जाईल, असा माझा हिशेब होता. बागायतदार खूप थकले होते. कुत्री आता ठेवत नव्हते. मी सर्व सांगितले.

"मला माहीत होतं, साहेब," ते म्हणाले. "हातात घेतली तेव्हाच कळलं. घड उचलण्यात जन्म गेलाय माझा. दोन किलोसुद्धा नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिक्क्याचा विषय काढलात ना. भ्यालो."

मी म्हणालो की त्यांचा यात काही दोष नाही. ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवू नका. माझं मी बघतो. पण बाजारात तुमच्याकडचा माणूस भेटला की अजून मान फिरवतो. मला इथं येऊन सांगून काय उपयोग? तिथं सांगा."

या वेळी हरकत न घेता मी उठलो.

घरी आलो. पत्नी तांदूळ निवडत होती, मुलगी पाय पसरून भिंतीला टेकली होती. मी उभ्यानेच आकडा सांगितला: एक किलो आठशे. मग काट्याचे सांगितले, डॉक्टरांचे सांगितले, आणि शेवटी बँकवाल्यांसमोरच्या त्या दोन शब्दांचेही सांगितले. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. पत्नीचे हात ताटातच थांबले होते.

"म्हणजे लाडू नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

तिने एक खडा वेचून ताटाच्या कडेला ठेवला. "बँकवाल्यांकडे जा आणि त्यांनाही सांगा. येताना पाव किलो डिंक आणा. आणि घरी आणून तो तोलत बसू नका."

मी जिना चढून वर गेलो.